वक्तृत्व क्लबमध्ये पाहुणे म्हणून जाताना : आपल्या तरुणांनी काय पाहावे, काय घ्यावे



मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत नळाला पाणी फार कमी दाबाने येत होते. तक्रार घेऊन बारा-तेरा जण महानगरपालिकेच्या कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांनी शांतपणे बसवून घेतले आणि विचारले, "बोला, नेमकी अडचण काय आहे?" शिष्टमंडळात एक ताई होत्या. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती हंडे भरतात, कुठे पाइप फुटला आहे, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. पण बोलायला उभा राहिला तो आमचा नेहमीचा वक्ता कार्यकर्ता. त्याने दहा मिनिटे सामाजिक न्यायावर जोरदार भाषण केले. पाइप कुठे फुटला आहे हे त्यात आलेच नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि सगळे परत आले. रिक्षात ताई हळूच म्हणाल्या, "मला सांगायचं होतं, पण मधे कसं बोलायचं?"

तो प्रश्न आम्हाला बरेच दिवस टोचत राहिला. आम्ही वस्तीत अभ्यासिका चालवतो. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर असे वर्षभर कार्यक्रम असतात. हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की दोन वर्षांत माइक फिरून फिरून त्याच चार जणांच्या हातात गेला आणि चौघेही पुरुष होते. ज्यांना बोलता येते त्यांनाच आपण बोलायला देतो. ज्यांना येत नाही त्यांना ते कुठे शिकायचे, याची सोय आपण कधी केलीच नाही.

याच काळात एका मैत्रिणीने सुचवले, की शहरात टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत, तिथे पाहुणे म्हणून जाऊन बघा. आम्ही चौघे गेलो. अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, वर उल्लेख केलेला वक्ता कार्यकर्ता आणि आम्ही स्वतः. तिथे काय पाहिले, त्यातले आपल्या कामाचे काय आणि सावध कुठे राहायचे, हे या लेखात मांडत आहोत.

हा क्लब म्हणजे नेमके काय?

टोस्टमास्टर्सची पहिली सभा २२ ऑक्टोबर १९२४ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी, वायएमसीएच्या इमारतीच्या तळघरात झाली. ती राल्फ स्मेडली यांनी भरवली. त्यांच्याकडे येणाऱ्या तरुणांना सभेत उभे राहून बोलणे, सभा चालवणे, समितीत काम करणे जमत नव्हते, हे त्यांनी पाहिले होते. त्यावर त्यांनी साधा उपाय काढला. सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचे आणि आळीपाळीने एकमेकांच्या बोलण्यावर मत द्यायचे. आज जगभरात शंभराहून जास्त देशांत असे क्लब आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथेही आहेत.

तिथे शिक्षक नसतो, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पगारी प्रशिक्षक नाही, फळ्यावर शिकवणे नाही. सभासदच सभा चालवतात, बोलतात, वेळ मोजतात आणि चुका सांगतात. पदाधिकारीही सभासदांतूनच निवडले जातात आणि ठरावीक मुदतीनंतर बदलतात.

या संस्थेचा इतिहास फार उदार होता असे मात्र नाही. जवळजवळ पन्नास वर्षे तिथे अधिकृतपणे फक्त पुरुषांना सभासद होता येत होते. १९७० मध्ये हेलन ब्लँचर्ड या बाईंनी 'होमर' असे पुरुषी नाव लावून सभासदत्व घेतले. १९७३ मध्ये स्त्रियांसाठी दार अधिकृतपणे उघडले आणि १९८५ मध्ये याच हेलन ब्लँचर्ड संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्षा झाल्या. दार बंद असले तरी आत जायचा हक्क आपला आहे, हे ज्यांना कळते तेच दार उघडतात. हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दारातली भीती

सभा रविवारी सकाळी होती. गेटपर्यंत आल्यावर आमचा मुलगा थांबला. "सर, तिथं सगळे इंग्रजीत बोलत असतील." नर्सिंगची मुलगी चपलेकडे बघत होती. ही भीती आम्ही ओळखतो. समाजशास्त्रात एम.ए. करताना पहिल्या सेमिनारच्या दिवशी आमचेही पाय असेच जड झाले होते. घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलाला व्याकरणाची भीती असतेच. त्याहून मोठी भीती 'हा इथला नाही' असे कुणाला तरी वाटेल याची असते. आडनाव विचारतील, कुठे राहता विचारतील, मग नजर बदलेल, याची.

दारात एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी हसून या म्हटले आणि पाहुण्यांची वही पुढे केली. मुलाने वहीत फक्त नाव लिहिले, आडनाव लिहिले नाही. कुणी विचारलेही नाही. आम्हाला चौघांना एकत्र न बसवता एकेका जुन्या सभासदाशेजारी बसवले, म्हणजे काय चालले आहे ते शेजारचा हळू आवाजात सांगू शकेल. पाहुण्यांकडून पैसे घेतले नाहीत. पाहुण्याने बोललेच पाहिजे अशी सक्तीही नसते. बोलवतात, पण 'आज फक्त ऐकतो' म्हटले तर कुणी आग्रह करत नाही. एका सभेवरून सगळ्या क्लबांबद्दल आणि सगळ्या माणसांबद्दल बोलणे बरोबर नाही. जात त्या खोलीच्या बाहेरच राहते, असा आमचा दावा नाही. पण स्वागत हे कुणाच्या स्वभावावर न सोडता कामाची वाटणी करून केले, तर नवख्या माणसाला आत येणे सोपे जाते, हे आम्ही तिथे पाहिले.

सभा कशी चालते?

पहिला भाग तयार भाषणांचा. नवीन सभासदाचे पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे असते आणि ते चार ते सहा मिनिटांचे असते. पुढची बहुतेक भाषणे पाच ते सात मिनिटांची. मागे बसलेला टायमर हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड दाखवतो. हिरवे म्हणजे किमान वेळ झाली, पिवळे म्हणजे आता आवरते घ्या, लाल म्हणजे वेळ संपली. आपल्या जयंतीच्या मंचावर असे एक लाल कार्ड असते तर किती कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपले असते, असा विचार आमच्या मनात आलाच.

दुसरा भाग आयत्या वेळच्या विषयांचा. त्याला ते टेबल टॉपिक्स म्हणतात. विषय तिथेच मिळतो आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. आमच्या वक्त्याने आपणहून हात वर केला. विषय आला, 'तुम्ही अलीकडे बदललेले एक मत'. तो उभा राहिला, सवयीने आवाज चढवून "या ठिकाणी..." म्हणाला आणि अडकला. चाळीस सेकंदांत खाली बसला. हजारभर लोकांपुढे बोलणारा माणूस पंचवीस जणांपुढे गप्प झाला, कारण पाठ केलेले काहीच इथे उपयोगाचे नव्हते. तरीही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर नर्सिंगच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, इंग्रजी जमणार नाही. सूत्रसंचालक म्हणाले, मराठीत बोला. विषय होता, 'वाट बघणे'. वॉर्डाबाहेर रात्रभर बाकड्यावर बसणाऱ्या नातेवाइकांबद्दल ती बोलली. डॉक्टर आले की ते उभे राहतात, पण प्रश्न विचारत नाहीत, कारण विचारावे कसे हेच कळत नाही, असे ती म्हणाली. एक मिनिट दहा सेकंद. खोलीत सगळे शांतपणे ऐकत होते. अभ्यासिकेत ही मुलगी तीन वर्षे येते आहे. तिचा आवाज आम्ही सभेत पहिल्यांदा ऐकला, आणि तोही परक्यांच्या सभेत. याची आम्हाला लाज वाटली.

बाबासाहेबांना आयत्या वेळी बोलावे लागले होते

इथे एक प्रसंग आठवतो. १७ डिसेंबर १९४६. संविधान सभेत पंडित नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, आपली पाळी उद्या येईल, असे बाबासाहेबांना वाटत होते. पण अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी अचानक त्यांचे नाव पुकारले. आपण तयारी करून आलेलो नाही आणि वेळही दहाच मिनिटांची आहे, हे बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सभागृहाला सांगितले. त्यानंतर त्यांनी जे भाषण केले, ते संविधान सभेतल्या त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या भाषणांपैकी एक मानले जाते. ठरावात काय कमी आहे ते त्यांनी नेमके सांगितले, आणि देशाच्या एकतेसाठी घाई न करता सगळ्यांना बरोबर घ्या, असे आवाहनही केले. ठराव त्या महिन्यात मंजूर न होता २२ जानेवारी १९४७ रोजी झाला.

बाबासाहेब महान होते म्हणून त्यांना जमले, असे म्हणून आपण सुटतो. पण त्या दहा मिनिटांमागे काय होते ते पाहा. जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत ते बोलले होते. मधल्या काळात कोर्टात, कायदेमंडळात, वर्गात, चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहात ते सतत बोलत होते, आणि त्याहून जास्त वाचत होते. तयारी नव्हती ती फक्त त्या दिवशीच्या कागदाची. पुढे १९५६ मध्ये त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. नेतृत्व आपोआप उगवत नाही, ते शिकवावे लागते, हे त्यांना माहीत होते. आपण त्यांच्या भाषणांची वाक्ये पाठ करतो, पण त्यांची शिस्त घेत नाही.

मत कसे द्यावे : पवारणेची आठवण

सभेचा तिसरा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. प्रत्येक तयार भाषणावर एक सभासद दोन-तीन मिनिटे मत देतो. काय चांगले झाले, काय सुधारता येईल आणि कसे, हे सगळे वक्त्याच्या तोंडावर आणि सर्वांसमोर सांगतो. भाषेवर लक्ष ठेवणारा एक असतो. 'अं', 'म्हणजे' असे अडखळण्याचे शब्द मोजणारा आणखी एक असतो. आमच्या वक्त्याला कळले, की चाळीस सेकंदांत त्याने 'या ठिकाणी' चार वेळा म्हटले होते. तो आधी ओशाळला, मग हसला.

आपल्या चळवळीत मत देण्याच्या दोनच पद्धती रूढ झाल्या आहेत. समोर हार घालायचे, किंवा मागे व्हॉट्सअ‍ॅपवर उणीदुणी काढायची. समोर बसून, प्रेमाने, नेमकी चूक सांगणे आपल्याला जमेनासे झाले आहे. खरे तर ही आपलीच परंपरा आहे. वर्षावासाच्या शेवटी, अश्विन पौर्णिमेला, भिक्खू संघात पवारणा होते. माझ्या वागण्यात काही चूक पाहिली, ऐकली किंवा शंका आली असेल तर मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. भगवान बुद्धांनीही, माझ्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसला का, असे भिक्खूंना विचारल्याचे संयुत्त निकायात आले आहे. आणि अंगुत्तर निकायात चांगल्या बोलण्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत : ते वेळेवर असावे, खरे असावे, सौम्य असावे, हिताचे असावे आणि मैत्रीभावाने केलेले असावे. सम्मा वाचा आपण पंचवीस वेळा समजावून सांगतो. पण भाषण झाल्यावर आपल्या सहकाऱ्याला या पाच कसोट्यांवर मत देऊन पाहिले आहे का?

सावध कुठे राहावे?

हे क्लब आपल्या चळवळीची जागा घेऊ शकत नाहीत. बरेच क्लब इंग्रजीत चालतात. बऱ्याच ठिकाणी वातावरण कंपनीतल्या नोकरदारांचे असते. सभासद व्हायचे तर वर्गणी असते, ती आमच्या वस्तीतल्या मुलांना जड वाटते. सभासदत्वासाठी वय १८ पूर्ण असावे लागते. काही क्लब फक्त त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी असतात. काही ठिकाणी धर्म आणि राजकारण हे विषय टाळण्याची रीत असते. म्हणून जाण्याआधी चौकशी करावी : क्लब सगळ्यांसाठी खुला आहे का, भाषा कोणती, विषयांवर काही बंधन आहे का, वर्गणी किती.

आणखी एक गोष्ट. तिथे शिकवतात ते स्वतःची प्रगती. आपल्याला ते पुरत नाही. आपल्या माणसाला चांगले बोलता आले पाहिजे ते नोकरीच्या मुलाखतीत, आणि ग्रामसभेत, पोलीस ठाण्यात, शाळेच्या व्यवस्थापन समितीतसुद्धा, जिथे शब्द सापडला नाही तर हक्क हातातून जातो. म्हणून तिथली पद्धत घ्यावी, पण बोलायचे कशासाठी हे आपले आपण ठरवावे.

पाहुणे म्हणून जाताना

दोघे-तिघे मिळून जा, पण एकत्र गठ्ठा करून बसू नका. दहा मिनिटे आधी पोहोचा. कपडे नेहमीचे, स्वच्छ असले की झाले. बोलायला सांगितले आणि धीर असेल तर उभे राहा. एक मिनिटही पुरे आहे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलू का, असे आधीच विचारा. शेवटी बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना सभा कशी वाटली ते विचारतात. तेव्हा दोन खरी वाक्ये बोला, तेवढेच तुमचे पहिले भाषण. आणि जाताना छोटी वही न्या. सभेत कोण काय काम करतो ते लिहून घ्या, कारण ती यादी घरी आणण्यासारखी आहे.

विहारात हे कसे करता येईल?

आम्ही ती यादी विहारात आणली. क्लबचे नाव घेतले नाही, कारण त्यासाठी त्यांची रीतसर मान्यता लागते. आम्ही त्याला 'रविवारची बोलणी' म्हणतो. वंदनेनंतर एक तास. दोन तयार भाषणे, प्रत्येकी पाच मिनिटांची. त्यानंतर चार-पाच जणांना आयत्या वेळचा विषय, चिठ्ठी काढून. प्रत्येक भाषणाला एक मत देणारा. एक जण मोबाइलवर वेळ पाहतो, कार्डे पुठ्ठ्याची आहेत. एक जण 'या ठिकाणी' मोजतो. कामे दर रविवारी बदलतात. नियम तीनच ठेवले आहेत. मागच्या रविवारी जो बोलला तो या रविवारी ऐकेल. दर सभेत किमान निम्म्या बोलणाऱ्या स्त्रिया असतील. चूक सांगायची तर समोर सांगायची, बाहेर नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या दोन रविवारी ज्येष्ठ मंडळींना लाल कार्ड आवडले नाही. एक काका रागावून उठून गेले होते. चौथ्या रविवारी ते परत आले आणि आता वेळ मोजण्याचे काम तेच करतात. पाण्याच्या प्रश्नावर माहिती असलेल्या त्या ताई पहिल्या महिन्यात नुसत्या बसून राहायच्या. पाचव्या रविवारी त्यांना चिठ्ठी आली, 'आमची गल्ली'. त्या दीड मिनिट बोलल्या. कोणत्या घराजवळ पाइप फुटला आहे, तेही आले.

त्यानंतर पुन्हा शिष्टमंडळ गेले. या वेळी तिघेच. ताई बोलल्या, नर्सिंगची मुलगी दूषित पाण्याने काय आजार होतात ते बोलली आणि आमचा वक्ता कागद घेऊन शेजारी गप्प बसला. तो म्हणतो, गप्प बसणे त्याला सगळ्यात अवघड गेले. काम पूर्ण झालेले नाही, पाठपुरावा चालू आहे. पण अर्जावर या वेळी गल्लीचे आणि घराचे नाव आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच. तुमच्या शहरात असा क्लब असेल तर एक रविवार पाहुणे म्हणून जाऊन या. नसेल, किंवा परवडत नसेल, तरी हरकत नाही. विहार आपला आहे, पुठ्ठा आणि रंग घरात असतो. येत्या जयंतीची वक्त्यांची यादी करण्याआधी एकदा पाहा, की गेल्या वर्षी कोण बोलले नाही. सुरुवात तिथूनच करा.

जय भीम. नमो बुद्धाय.